विरजणाचा चमचा

संशय घेणं ही माझी नोकरी आहे. आमच्या औषधांच्या कारखान्यातलं तपासणी खातं माझ्याकडे आहे, आणि तपासणी खात्यातल्या माणसाने समोर येईल ते आधी खोटंच धरायचं असतं. पिंपावर जे लिहिलंय ते पिंपात नाही असं समजून झाकण उघडायचं. आता ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की घरी दूध आलं तरी मी आधी वास घेते. नवरा म्हणतो, "अगं, दूधच आहे ते." असेलही. पण त्याने ते वास न घेताच सांगितलेलं असतं.

तर ज्या सकाळी आमची गोळी पाण्यात विरघळेना, त्या सकाळी माझ्या मनात पहिला विचार यंत्राचा आला नाही, माणसाचा आला. कोमट पाण्याचं काचेचं भांडं, त्यात वर-खाली होणारी जाळीची टोपली, टोपलीत गोळी. एरवी मी चहाचा कप घेऊन परत येईपर्यंत टोपली रिकामी झालेली असते. त्या दिवशी चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला, आणि गोळी खड्यासारखी तिथेच बसून होती.

ही गोळी फिट येणाऱ्या माणसांसाठी आहे. ती पोटात जाऊन विरघळली नाही, तर घेणाऱ्याला वाटतं आपण औषध घेतलंय, आणि तो बिनधास्त शिडीवर चढतो, रस्ता ओलांडतो, मूल कडेवर घेतो. मला हेच सारखं डोळ्यांपुढे दिसत होतं. माल थांबवला आणि पूड सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

आमच्या औषधाचे स्फटिक म्हणजे पातळ, चपटे, अभ्रकाचे पापुद्रे असावेत तसे. आम्ही त्यांना पत्री म्हणतो. पण काचेखाली सुया होत्या. बारीक, लांब, एकमेकींत अडकलेल्या सुया. औषध तेच होतं, शुद्धतेत तसूभर फरक नव्हता, फक्त अंगकाठी बदललेली. आणि अंगकाठी बदलली की पाण्यात विरघळायला ते नखरे करतं.

आता इथे आमच्या घराण्याचा इतिहास सांगणं भाग आहे. कारखान्यात आणि घरात तो इतक्या वेळा सांगितला जातो की नव्या सुनेला आधी तो पाठ करावा लागतो, मग स्वयंपाकघर दाखवतात.

माझ्या आजेसासऱ्यांचं औषधांचं दुकान होतं. त्यांच्या बहिणीला फिट यायच्या. त्या काळात जे मिळत होतं त्याने तिला गुण येईना, म्हणून दुकानामागच्या खोलीत, एनॅमलच्या पातेल्यात, हे स्वतःच औषध करू लागले. औषध व्हायचं, पण त्याचा नुसता चिकट गोळा व्हायचा, स्फटिक काही धरायचे नाहीत. शेवटी एका सकाळी पातेल्याच्या तळाशी पत्री चमकली. त्यांनी त्यातली चिमूटभर तपकिरी बाटलीत काढून ठेवली. पुढच्या वेळी द्रावण गार होत असताना ती चिमूट वरून भुरभुरली, आणि बघता बघता पातेलंभर पत्री धरली. दह्याला विरजण लावावं तसं. म्हणून घरात त्या बाटलीचं नावच विरजण पडलं.

तेव्हापासून प्रत्येक बॅचला विरजण लागतं, आणि प्रत्येक चांगल्या बॅचमधली चिमूटभर परत बाटलीत जाते. सासरे म्हणतात, आज बाटलीत आहे ते त्या पहिल्या सकाळचंच आहे. रसायनशास्त्र म्हणेल, नाही. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्राला खुर्ची नाही. ती बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, मात्र म्हातारी होऊन, सगळे दात पडेपर्यंत जगली. तिची खुर्ची कारखान्याच्या फाटकाशी असायची, आणि कामावर येणारा प्रत्येक जण तिला बघूनच आत जायचा. आजेसासरे म्हणायचे, आमचं सर्टिफिकेट दारातच बसलंय.

आजेसासऱ्यांनी नियम घालून दिला तो एकच. बाकी सगळं काम कुणीही करो, विरजण घरच्याच माणसाच्या हाताने पडलं पाहिजे. त्यासाठी दुकानातला शिंगाचा चमचा, त्या काळी औषधी पूड मोजायला वापरायचे तसला, करंगळीएवढा, वापरून वापरून चरे पडलेला. तो बाटलीत बुडवायचा नाही, बाटली कलती करून चिमूट चमच्यावर घ्यायची. बाटली कपाटात, चमचा कपाटातल्याच खुंटीला, आणि कपाटाची किल्ली घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. म्हणजे आता माझ्या सासऱ्यांकडे. त्यांना घरात अण्णा म्हणतात, कारखान्यात मोठे साहेब. मी या घरात येऊन माझे केस पांढरे व्हायला लागले, रसायनशास्त्रातली मोठी पदवी माझी, पण विरजणाला माझा हात कधी लागलेला नाही. मी घरची की बाहेरची, याचा विरजणापुरता निकाल अजून लागायचा होता.

अण्णांना दोन मुलगे. थोरला माझा नवरा, उत्पादन बघतो, आणि कुणी भांडायला आलं तर त्याला आधी बसायला खुर्ची देतो. धाकटे माझे दीर, भाऊजी. ते विक्री बघतात, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. जीभ तिखट, डोकं त्याहून. सुया निघायच्या थोडं आधी एका मोठ्या कंपनीला आमचा कारखाना विकत घ्यायचाय अशी कुजबुज उठली, आणि त्या कंपनीच्या माणसाबरोबर भाऊजी कॉफी पीत बसलेले कुणीतरी पाहिले. भाऊजींनी नाकारलं नाही. "ऐकून घेतलं तर काय बिघडतं?" म्हणाले. झालं. त्या दिवसापासून अण्णा त्यांच्याशी मीठ मागण्यापुरतं बोलायचे, तेही माझ्या नवऱ्यामार्फत.

त्यात या सुया. एक बॅच बिघडली, पुढची चांगली आली, मग परत बिघडली. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी अण्णांसमोर बाटलीतलं विरजण तपासलं, तर ती अस्सल पत्री. कच्चा माल तपासला, तो ठीक. मग अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला.

"बॅच बिघडली त्या दिवशी तो कुठे होता?"

तो म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. मी तारखा लावून बघितल्या. भाऊजी गावात असले की बॅच बिघडायची. दौऱ्यावर असले की पत्री यायची, नजर लागावी अशी. मी अण्णांना ते सांगितलं. जे दिसलं ते सांगणं माझं कामच आहे.

त्या रात्री जेवताना अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. "परवा वर्धापन दिन," ते म्हणाले. "सगळ्या कामगारांसमोर सांगणार आहे. ज्याच्या हातून हे होतंय, तो विरजणाच्या खोलीच्या दारातून पुन्हा आत येणार नाही. मग तो माझा कुणी का असेना. कारखान्यातही नाही आणि घरातही नाही."

माझा नवरा पाण्याकडे बघत राहिला. भाऊजी अण्णांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा पडला, जसा चारचौघांत थोबाडीत खाल्लेल्या लहान मुलाचा. मला त्यांची दया आली आणि लगेच त्या दयेचाही संशय आला, कारण भाऊजी नाटकात चांगले होते.

परवा म्हणजे हातात एकच दिवस. तारखा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. एका माणसाला त्याच्या बापाच्या दारातून हाकलायचं, तर नुसत्या तारखांवर नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी जेवायला गेलेले बघून मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि टेबलाचा खण ओढला. आत काचेच्या नळ्या होत्या, बुचं लावलेल्या, रांगेत. मी एक नळी उजेडात धरली. सुया. दुसरी धरली. सुया.

"शोधा, वहिनी, शोधा. डाव्या खणातही आहेत."

भाऊजी दारात उभे होते. हातातला डबा अजून उघडलेलाही नव्हता.

"हे काय आहे, भाऊजी?" माझा आवाज चढला होता.

"तुम्ही नापास केलेल्या बॅचमधले नमुने. गोदामातून मी स्वतः काढलेत."

"कशासाठी?"

"बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायला. मला बघायचं होतं, माल खरंच नापास आहे, की तुम्ही नापास करताय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी? मी नापास करतेय?"

"का नाही? मी गावात असलो की नापास, दौऱ्यावर असलो की पास. कुणाच्या सहीने? तुमच्याच ना? मला वाटलं, अण्णांनी सांगितलं असेल सुनेला, याला घालवायचाय, जरा हात लाव."

ज्या तारखा मी त्यांच्याविरुद्ध जमवत होते, त्याच तारखा ते माझ्याविरुद्ध जमवत होते. हसावं की रडावं कळेना. राग मात्र भरपूर आला.

"मग काय म्हणाली तुमची बाहेरची प्रयोगशाळा?"

"सुया आहेत म्हणाली."

"म्हणजे मी खरं बोलत होते."

"म्हणजे सुया आहेत. त्या कुणी घातल्या, हे नाही म्हणाली."

मी नळ्या परत रांगेत लावल्या आणि खण बंद केला. मग मी म्हटलं, "चला. पातेल्याला जे जे शिवतं ते सगळं आत्ता तपासू. दोघांनी मिळून. मी तुम्हाला नजरेआड होऊ देणार नाही."

"मीही तुम्हाला," भाऊजी म्हणाले, आणि डबा तसाच कपाटावर ठेवला.

ती दुपार मी विसरणार नाही. स्फटिकांचं मोठं भांडं, गाळणीचं कापड, वाळवणीचे ट्रे, द्रावणाचं पिंप, सगळ्यांचे नमुने घेतले. नमुना मी घ्यायचा तर नळी त्यांनी धरायची, नळी माझ्याकडे आली की बूच त्यांनी लावायचं. मी पाणी प्यायला गेले तरी भाऊजी कुलरपर्यंत मागे. एकदा त्यांना फोन आला तर मी स्पीकर लावायला लावला. त्यांच्या बायकोचा होता, येताना बल्ब आणा म्हणत होती. कामगारांना वाटलं, आज दीर-भावजयीचं चांगलंच सूत जमलंय.

संध्याकाळपर्यंत सगळे नमुने बघून झाले. एकातही सुई नाही. भांडं दर बॅचनंतर वाफेने धुतलं जातं, ते तर आरशासारखं. आम्ही दोघं माझ्या खोलीत स्टुलांवर मटकन बसलो.

"वहिनी," भाऊजी म्हणाले. आता आवाजात तिखटपणा नव्हता, नुसता थकवा होता. "मी दौऱ्यावर असतो तेव्हा इथे वेगळं काय होतं?"

"तुम्ही नसता."

"ते झालंच. आणखी?"

तेवढ्यात माझा नवरा आम्हाला शोधत आला. आम्हा दोघांना एका खोलीत, एकमेकांच्या अंगावर न ओरडता बसलेलं बघून तो दारातच थबकला. मी त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"काही नाही गं," तो म्हणाला. "हा नसला की अण्णा निवांत असतात. मला सांगतात, आज विरजण तूच टाक. हा असला की स्वतः येतात."

"का?" भाऊजींनी विचारलं.

नवऱ्याने नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांना बसायला जागा आहे का ते बघितलं. मग हळूच म्हणाला, "त्यांना वाटतं, तू मागितलंस तर मी बाटली तुझ्या हातात देईन."

"देशील?"

"देईनच की."

भाऊजींनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. "तुम्ही विरजण टाकता ते कशाने टाकता?"

"स्टीलच्या चमच्याने. तुझ्याच खात्यातून आणतो."

"शिंगाचा का नाही?"

"तो कुठाय कपाटात? त्या कॉफीच्या प्रकरणापासून अण्णा तो स्वतःजवळच ठेवतात. मला काढून देत नाहीत. मी मागितलाही नाही, म्हटलं उगाच कशाला त्यांना वाईट."

माझ्या नवऱ्याचा स्वभाव असा आहे. घराला आग लागली तरी शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हा कुजबुजत सांगेल. दुपारभर आम्ही सगळं तपासलं होतं, फक्त तो शिंगाचा चमचा सोडून. तिघांच्याही मनात एकच आलं होतं आणि तिघांनाही ते बोलायचं नव्हतं.

"आत्ता जाऊन सांगू अण्णांना," शेवटी नवराच म्हणाला.

"आणि ते म्हणतील, याला वाचवायला रचलंय," मी म्हटलं. "मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. चमचा त्यांच्या खिशातून निघून थेट काचेखाली गेला पाहिजे, त्यांच्या डोळ्यांदेखत. मध्ये कुणाचा हात लागता कामा नये."

म्हणजे उद्या सकाळ, विरजण टाकायची वेळ. त्याआधी अण्णा तो खिशातून काढणार नव्हते.

वर्धापन दिनाला आमच्याकडे भाषणं कमी आणि काम जास्त असतं. विरजणाच्या खोलीला एका बाजूने काच आहे. त्या काचेपलीकडे सगळे कामगार उभे राहतात, आणि त्यांच्या देखत वर्षाची खास बॅच लागते. काचेतून दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. त्या सकाळी आत आम्ही चौघं होतो. मी आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आणून ठेवला होता. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आजच्या दिवसापुरतं आत यायची परवानगी होती, कारण हाकलायचं ते त्यांनाच.

भांड्यातलं द्रावण गार होत होतं. काटा खुणेपाशी यायला थोडाच अवकाश होता. अण्णांनी किल्ली काढली, कपाट उघडलं, बाटली बाहेर घेतली. मग कोटाची बटणं सोडून शर्टाच्या आतल्या, छातीवरच्या खिशात हात घातला. तो खिसा मुद्दाम शिवून घेतलेला दिसत होता. आतून रुमालाची घडी निघाली आणि घडीतून चमचा. त्यांनी तो रुमालानेच पुसला आणि बाटलीकडे हात नेला.

"अण्णा, थांबा," मी म्हटलं आणि त्यांचं मनगट धरलं.

काचेपलीकडे एकदम सगळ्या माना पुढे आल्या. सुनेने सासऱ्याचा हात धरलेला आमच्या कारखान्याच्या इतिहासात कुणी पाहिला नव्हता.

"सूनबाई, हात सोड."

"सोडते. आधी चमचा तपासू द्या."

"कुणी शिकवलं हे? त्याने?" त्यांनी भाऊजींकडे मानही वळवली नाही.

"तुम्हीच शिकवलंत. भांड्यात जाणारी प्रत्येक वस्तू तपासायची. मला कामावर घेतलं त्या दिवशी तुमचं पहिलं वाक्य होतं ते."

"माझा चमचा म्हणजे वस्तू नाही."

"भांड्यात जाणार आहे ना? मग वस्तूच."

त्यांच्या गालाची शीर उडायला लागली. "आणि काही नाही निघालं तर?"

"तर मी या दारातून पुन्हा आत येणार नाही."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग मला कळलं की मी काय बोलून बसले. नवऱ्याने दचकून माझ्याकडे बघितलं. अण्णा क्षणभर माझा चेहरा निरखत राहिले. मग बाटलीचं बूच नीट घट्ट केलं, आणि स्वतःच टेबलाशी येऊन चमचा माझ्यासमोर धरला. सोडला नाही, धरला.

मी त्यांच्या हातातल्याच चमच्याच्या चऱ्यात टाचणी फिरवली. काहीतरी पांढुरकं निघालं, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. काचेवर घेतलं, तेलाचा थेंब सोडला आणि बघितलं. मग न बोलता बाजूला झाले.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. ते खूप वेळ वाकलेले होते. आयुष्यभर त्यांनी पत्री बघितली होती. सुई ओळखायला त्यांना माझी गरज नव्हती.

"हे कुणी घातलं यात?" वर न बघता त्यांनी विचारलं.

कपाटाच्या किल्लीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून चमचा अंगावर. दिवसा छातीशी आणि रात्री उशीखाली. तिथे कुणाचा हात पोचणार? त्यांनाही ते उमगत गेलं असावं, कारण मग ते जे बोलले ते आम्हाला उद्देशून नव्हतं.

"ऊब," ते म्हणाले. "आणि घाम. चऱ्यांत राहिलेली पूड तिथेच भिजली, तिथेच उबली. बाबा सांगायचे, काम झालं की चमचा उकळत्या पाण्यातून काढायचा आणि खुंटीला लावायचा. कोरडा राहिला पाहिजे, गार राहिला पाहिजे. धुवायला टाकला असता तर तेवढा वेळ नजरेआड झाला असता. म्हणून नुसता पुसत होतो."

मला फार वाईट वाटलं. त्यांचं बरोबरच होतं. चमच्यावर सुया धरल्या होत्या, आणि ते त्याच सुया प्रत्येक वेळी बॅचमध्ये पेरत होते. भाऊजी गावात असले की चमचा खिशातून निघायचा, आणि चमचा खिशात गेला होता तोही भाऊजींमुळेच.

भाऊजी भिंतीपासून पुढे आले. "अण्णा, कोट काढा, हात धुवा. दुसरा चमचा घेऊ. भांड्याचं झाकण अजून बंद आहे, काही बिघडलेलं नाही. आणि बाहेर काही ऐकू जात नाही. कुणाला सांगायची गरज नाही."

अण्णांनी कित्येक दिवसांनी धाकट्या मुलाकडे सरळ बघितलं. "तुझ्या बाबतीत मी असं म्हणणार होतो का?"

"नाही."

"मग."

त्यांनी चमचा रुमालात गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. कपाटाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, अगदी सहज, जशी कुणाला छत्री धरायला द्यावी. माफी त्यांनी कुणाचीच मागितली नाही. त्यांना ते येत नाही, आणि त्या वयात कोण शिकवणार. दाराशी जाऊन ते एकदा थांबले, उंबऱ्याकडे बघितलं, आणि बाहेर गेले.

काचेतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती आणि कामगारांचे चेहरे. ते काय बोलले ते नंतर फोरमनने सांगितलं. बॅच आपल्याच हातून बिघडत होत्या, असं म्हणाले. विरजणाच्या खोलीत आपण पुन्हा जाणार नाही, असंही. भाऊजींचं नाव घेतलं नाही. घरातून हाकलायचं वाक्य गाळलं, तेवढं मात्र स्वतःला सोडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हललंही नाही.

"काटा खुणेवर आलाय," माझा नवरा म्हणाला.

भाऊजींनी बाह्या सारल्या, बेसिनशी गेले, हात धुतले. मी स्टीलचा चमचा उकळत्या पाण्यातून काढून कोरडा केला आणि त्यांना दिला. बाटलीचं बूच मी उघडलं. त्यांनी झाकणाच्या तोंडातून विरजण भुरभुरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग द्रावणात एक चमक फिरली, दुसरी फिरली, आणि सगळं भांडं चमचमायला लागलं. पत्री.

मी मान वर केली. अण्णा काचेला नाक लावून उभे होते. काच त्यांच्या श्वासाने धूसर झाली होती, ती ते बाहीने पुसत होते आणि परत बघत होते. मी बाहेर गेले. वाटलं, धीराचे दोन शब्द बोलावेत. पण माझ्या आधी तेच बोलले, काचेवरून नजर न काढता.

"त्याने हात धुतले होते ना?"

"धुतले, अण्णा."

"नीट? नखांतून?"

"नखांतून. मी बघत होते."

त्यांनी मान हलवली. भांड्यातली चमक त्यांच्या चष्म्यात उतरली होती.

"बघत जा," ते म्हणाले.